नाय म्हनलेली बाय

तो दिवस मी अजून विसरले नाय. आमच्या तालुक्याचे तेव्हाचे फौजदार साहेब आता रिटायर झालेत, आपल्या केसेस लिहून काढतायत. ते घरी आले नि म्हनले, "ही केस तुझ्यामुळं उलगडली, तूच सांग. जशी बोलतेस तशी. नाव मात्र कुणाचं घ्यायचं नाही." मी आठवीपर्यंतच शिकलेली. सांगते.

महाडजवळच्या नाते गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मी नि माझी मोठी जाव, दोघी पाठोपाठ बाळंत झालो, दोघींच्या अंगात रक्त कमी. तर हॉस्पिटलच्या सिस्टर जीप घेऊन आल्या. म्हनल्या, बाळंतिनीला गोळ्या द्यायच्या का सलाईनमधून औषध द्यायचं, कशानं रक्त लवकर भरतं ते बघायचंय, डॉक्टरांनाच अजून पक्कं ठाऊक नाय. ज्यांची खुशी असेल त्यांनीच यायचं, अधनंमधनं थोडं रक्त तपासायला घेऊ. जावेनं प्रश्न विचारून विचारून सिस्टरचा घसा सुकवला, मग सही केली. मी पन केली. पन सुई बघितली तशी उठले, पोराला उचललं नि शेतातनं पळत घरी.

त्या पळन्याचं वाडीत काय काय होऊन बसलं. मामंजी, म्हनजे माझे सासरे, देवळाच्या पारावर म्हनले, "रक्त कमी म्हनतात नि रक्तच काढून नेतात, ही कुठली रीत?" कुनी म्हनलं बाटल्या मुंबईला विकतात. कुनी म्हनलं धाकट्या सुनेला जीपमध्ये कोंडली होती, ती जीव घेऊन सुटली. मी गप. सासऱ्यांसमोर तोंड कोन उघडनार?

पुढच्या खेपेला जीप आली तर मानसांनी रस्त्यात ओंडके टाकले. सिस्टर आत, जाव आत, डायवरची कॉलर धरलेली. कुनीतरी फोन लावला की रक्त चोरनारी टोळी पकडलीय. साहेब आले ते पयले जीपच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. "टोळी असेल तर मी नेतो. हात कुणी लावायचा नाही." नि सगळ्यांना महाडला ठान्यात आनलं, मला पन, पोरासकट.

बाकड्यावर सिस्टर रुमालाची घडी घालत होत्या नि मोडत होत्या. मामंजींचा एकच हेका, गुन्हा दाखल करा. तो झाला असता तर सिस्टर कोठडीत नि ते काम आमच्या भागातनं कायमचं बंद.

साहेबांनी जावेला विचारलं, "तुला फसवलं?"

"मला कोन फसवनार? मीच सिस्टरला छळलंय."

"मग कशाला देतेस रक्त? तुला काय मिळतं?"

"उद्या माझी पोर बाळंत होईल तेव्हा डॉक्टरनं अंदाजानं औषध देऊ नये, म्हनून देते."

मामंजी हसले. "पोरीला अजून दात नाय आले, नि ही तिचं बाळंतपन बघतेय."

"कुनीतरी बघायला पायजे ना, मामंजी."

हॉस्पिटलचे कागद साहेबांनी वाचले नि बाजूला ठेवले. म्हनले, "कागद चोराचेही नीट असतात. मला एक सांगा, ह्या जीपला नाही म्हणालेली कुणी बाई आहे का? तिचं पुढं काय झालं ते ऐकायचंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेबांनी मामंजींना शिपायाबरोबर चहाला धाडलं. बाई हवालदार म्हनल्या, "आधी पोराला पाज गो, मग बोल."

मी भिंतीकडं तोंड करून एका दमात बोलले. कोंडली नाय मला कुनी, मीच पळाले. दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, मला वाटलं आता ओढून नेतील, मी माजघरात लपले, तर त्या पडवीतनंच बोलल्या, नाय यायचं तर नको येऊ, रोजच्या गोळ्या तेवढ्या खा, त्या तुझ्या हक्काच्या. गोळ्या ठेवल्या नि गेल्या. मग पोराला लस टोचायला नेलं तर त्याच सिस्टर, पन त्याबद्दल एक शब्द काढला नाय.

"रागावल्या?"

"नाय."

"परत गळ घातली?"

"नाय."

साहेबांनी पेनाला टोपन लावलं. "आता हेच सासऱ्यांसमोर सांगशील?"

मी जावेकडं बघितलं. जीपला एवढी मानसं झोंबत होती तरी ती सिस्टरला सोडून उतरली नव्हती. मामंजी चहावरनं परत आले तशी मी बोलले, सगळं, त्यांच्या तोंडासमोर. 

"मग घरात का नाय बोललीस?" मामंजींनी विचारलं.

जावच म्हनली, "तुमी विचारलंत कुठं?"

गुन्हा दाखल झाला नाय. साहेब परवा सांगत होते, फसवणारा सगळं सोसतो, नकार सोसत नाही. त्या दिवसानंतर फसवणुकीची कुठलीही तक्रार आली की त्यांनी पयलं नाय म्हनलेला मानूस शोधला.

मी सुईला अजून भिते. त्यानंतर जीप यायची तेव्हा जावेची पोर मी मांडीवर घ्यायचे, तेवढं मला जमायचं. सिस्टर दर खेपेला सुई हातात घ्यायच्या आधी जावेला विचारायच्या, "आज देणार का? नाही म्हणालात तरी चालेल." मामंजी पडवीत कान देऊन बसलेले असायचे.

जाव दंड पुढं करायची. "घाल गो."