छगनची फक्की

काष्टीकडच्या आमच्या गावात रेषा मारायची ती छगननेच. कबड्डीचं मैदान असो की शाळेच्या शर्यती. सुतळी, दोन खुंट्या आणि चुन्याच्या फक्कीचं घमेलं, एवढंच सामान. आधी मैदानाच्या कोपऱ्यात नारळ फोडायचा, मगच कमरेत वाकायचं. मी तिथं हायस्कुलात नवी शिक्षिका होते. वैतागून म्हटलं, "छगन, भूमितीला नारळ लागत नाही."

"भूमिती तुमची, बाई. जमीन देवाची हाय," तो म्हणाला.

शहाण्णवच्या निवडणुकीत शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरायचं ठरलं. गोलात एच काढायला अर्थातच छगन. मी फळ्यावर अक्षर काढून दाखवलं. साहेब लोकांची नुसती घाई चाललेली. नारळ आणायलाही त्याला कुणी हलू दिलं नाही.

पुढारी उतरून भाषणाला गेले. वैमानिक मात्र रेषा बघत राहिला. तिशीचा, हसरा. "किसने बनाया?" पोरांनी छगनला पुढं ढकललं. वैमानिकाने हात मिळवला, तळव्याला लागलेला चुना पाहून हसला आणि तसाच राहू दिला. छगनने घरून चहा आणून पाजला.

सभेनंतर पुढारी मोटारीने पुढं गेले. वैमानिक एकटाच वर चढला. पोरं हात हलवत होती. कालव्यावर जाताच हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं गरगरलं आणि उसात कोसळलं. सगळे धावलो, छगन सगळ्यांच्या पुढं. उपयोग झाला नाही.

पुढं पेपरात आलं, शेपटीच्या पंख्याचा दांडा तुटला होता. मी पेपर छगनपुढं धरला. त्याने तो वाचला.

"दांडा तुटला, बरूबर हाय. पन त्यो त्याच दिशी का तुटला, बाई?"

नारळ राहिला, हेच त्याच्या डोक्यात बसलं होतं. किराणावाला कानिफनाथ तर चारचौघांत म्हणायचा, "छगनराव, आमच्या मांडवाकडं फिरकू नका बरं, पडंल!" लोक हसायचे. छगनने घमेलं पालथं घातलं ते घातलंच. यात्रेतल्या कबड्डीला दुसऱ्याच कुणीतरी रेषा मारल्या. त्या इतक्या वाकड्या की दोन गावं हातघाईवर आली. तरी छगनला बोलावणं गेलं नाही.

हिवाळ्यात वैमानिकाचे वडील आले. उत्तरेकडचे, थकलेले गृहस्थ. ऊस पाहायला ते तयार नव्हते. माझा मुलगा शेवटचा जमिनीवर कुठं उभा होता, तेवढं दाखवा, म्हणाले. पावसात फक्की कधीच वाहून गेली होती, वर गवत माजलेलं. गाव एकमेकांची तोंडं बघू लागलं.

मला कुठला दम निघतोय! तडक शेतावर गेले. छगन कांद्याच्या रोपात वाकला होता.

"चल."

"नगं बाई. माझा हात लई वंगाळ हाय."

"मग हात घरी ठेव आणि रेषा मारून ये. तो म्हातारा उन्हात उभा आहे, छगन."

उठला. घमेलं घेतलं. कानिफनाथच्या दुकानासमोर पाऊल अडखळलं. कानिफनाथ खाली उतरला, त्याच्या हातात नारळ ठेवला आणि मान खाली घालून परत गल्ल्यावर जाऊन बसला. माफी मागायची आमच्याकडं पद्धत नाही.

छगनने नारळ फोडला. झेंड्याच्या खांबापासून पावलं टाकत जागा काढली, गवत उपटलं, गोल मारला, मधे एच. वडील चपला काढून त्यावर उभे राहिले. मग छगनचा पांढरा हात धरून त्यांनी विचारलं, "उसने कुछ खाया था?"

"चाय पिला," छगन म्हणाला. "दोन टाईम मागून पिला. हसत हुता."

वडिलांनी हात सोडला नाही. तळव्याला चुना लागला, तो त्यांनीही पुसला नाही.

पुढच्या यात्रेला कानिफनाथच छगनला बोलवायला गेला. मग छगन मरेपर्यंत गावातल्या रेषा त्याच्याच होत्या. आता पोरं मॅटवर खेळतात. रेषा छापूनच येतात. सरळ असतात, हे मान्य. पण मला आपली बोटांना फक्की लागल्याशिवाय कबड्डी सुरू झाल्यासारखी वाटत नाही.