डोहाळ्याचं कोहळं

नेरच्या बसस्थानकाजवळच्या बेकरीत मी टोस्ट घ्यायला थांबलो होतो. दिवाळीत लोक घरची नानकटाई भट्टीत भाजून नेतात, तसा एका बाईने ट्रे आणला होता. त्यात कोहळ्याच्या चकत्यांचे थर आणि वर किसलेलं चीज. तिच्या गरोदर मुलीच्या पोटात काही टिकत नव्हतं. शहरात कधीतरी खाल्लेला हा एकच पदार्थ तिने मागितला होता. आईने तो मोबाइलवर पाहून रचला होता.

बाई सारखी भट्टीचं दार उघडत होती.

"मावशी, ताव जाते न!" बेकरीवाला ओरडला.

"जळलं तं?"

"मी काय झोपून राह्यलो का?"

ट्रे निघाला तेव्हा चीजवर तांबूस पापुद्रा आला होता. त्याने तिला चाखायला सांगितलं.

"डोहाळ्याचं हाय. पयला घास पोरीचा. अन् मले काय समजते? मी जन्मात कुठं खाल्लं हे?"

बसमध्ये बसल्यावरही ती ट्रेवरचं फडकं उचलून वास घेत होती. मी खाली उभा होतो. खिडकीतून तिने मला विचारलं, "भाऊ, तुम्ही शहरातले दिसता. असाच वास येते ना याचा?"

मीही ते कधी खाल्लं नव्हतं. बस हलली होती. मी मान डोलावली.