धाकटीचं पाणी घाण नव्हतं

लिही बाळा, आणि मी बोलते तसंच लिही, उगाच गोड करू नकोस.

माझी धाकटी जाऊ बावीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात पाणी भरायची. मागच्या विहिरीचं, दुहेरी फडक्यानं गाळलेलं. माठ रोज घासणार. कुणी उष्टा पेला बुडवला की हातावर चापट! वर्षातून एकदा बाटली भरून प्रयोगशाळेत तपासायला स्वतः नेऊन द्यायची. सगळे तिला मावशी म्हणायचे.

एक दिवस पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा आला. चपचपीत केस, गळ्यात टाय. सगळ्यांसमोर दोन पेले मांडले, एकात धाकटीचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हीत लोखंडाच्या कांड्या बुडवून वीज लावली. मिनिटभरात धाकटीच्या पेल्यात तांबडा चिखल! त्याचं पाणी जसंच्या तसं.

"हे पाजतात तुमच्या मावशी," मेला हसून म्हणाला.

एक बया लगेच म्हणाली, "तरीच माझं पोट दुखतं!" अगं भवाने, रोज डबाभर तळलेलं खातेस ते?

मालकानं उभ्या उभ्या सांगितलं, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

घरी आली ती जेवलीच नाही. म्हणाली, "ताई, काम गेलं ते जाऊ दे. बावीस वर्षं मी लोकांना घाण पाजली म्हणे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला उठवलं, प्रयोगशाळेतल्या तपासणीवाल्या बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "अहो, जमिनीतून येताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. हाडांना, स्नायूंना ते लागतं. जेवणातून मिळतं, थोडं पाण्यातूनही. त्या क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि कांडीचं लोखंड झिजून गंजासारखं पाण्यात उतरतं. त्याचं मशीन ते क्षारच काढून टाकतं, म्हणून त्याचा पेला तसाच राहिला. रंग कांडीचा, पाण्याचा नाही! पाणी खारट किंवा विषारी असेल तिथं मशीन हवंच. तुमच्या विहिरीत तसलं काही नाही. त्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि बघा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. तो मशीन बसवतच होता.

"दादा, परत दाखवा की. काल नीट दिसलं नाही," धाकटी म्हणाली.

गडी खुशीत. पेले मांडले. धाकटीनं पुडी सोडून त्याच्या पेल्यात मीठ टाकलं. झालं तांबडं!

"आता हे कुणी पाजलं?" धाकटीनं विचारलं.

"मीठ खराब असेल," तो पुटपुटला.

"मग घरी अळणी जेवता वाटतं!" मी म्हटलं.

सगळे खो खो हसले. त्यानं कांड्या गुंडाळल्या नि सटकला. माफी? नाव नको!

मालक तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. "चूक झाली मावशी. उद्या या कामावर."

"घाण म्हणालात चारचौघांत, आणि चूक दाराआड? बाहेर या."

तो आला खरा, पण जमिनीकडे बघून म्हणाला, "मावशींचं पाणी चांगलं आहे."

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही," धाकटी म्हणाली.

शिवणयंत्रं थांबली. त्याला मोठ्यानं म्हणावंच लागलं. तेव्हा कुठे तिनं बाह्या सरसावल्या नि माठ घासायला घेतला.