शिक्षकदिनाचं कापड

एमेरेन्शिया चहात पाव बुडवायची आणि तळाशी गेलेला तुकडा बोटानेच काढायची. खडूला कागद गुंडाळायची. हसताना तोंडावर हात धरायची. रागावली की इंग्रजी, फ्रेंच दोन्ही सोडून पिजिनवर, बाजारातल्या मोडक्या इंग्रजीवर, यायची. मग वर्ग चिडीचूप.

ड्वाला शहरातल्या त्या शाळेत ब्रिटनचा आणि फ्रान्सचा अभ्यासक्रम एकत्र शिकवत. लेबनीज दुकानदारांची, चिनी ठेकेदारांची, इथल्या वकिलांची मुलं एकाच बाकावर. इंग्रजी बाजू एमेरेन्शियाकडे. फ्रेंच बाजू लिओनीकडे. लिओनी साहित्याची पदवी घेऊन नुकतीच लागली होती. ती एमेरेन्शियाला आंटी म्हणायची.

दर शुक्रवारी सगळ्या शिक्षिका शिक्षकदिनासाठी छापलेल्या कापडाचा पायघोळ झगा घालून येत. त्यावर पुस्तक आणि खडू छापलेले. अशाच एका शुक्रवारी, तास चालू असताना, आंटीच्या भावाचा फोन आला. आई गेली होती.

आंटीचं गाव वर डोंगरात. तिथे वेगळा देश मागणाऱ्या बंदूकवाल्या पोरांनी शाळा बंद पाडलेल्या. शिकवणारं माणूस सापडलं की उचलून नेत.

बसस्टँडवर लिओनीने तिचा हात धरला. "आंटी, हे कापड घालून? आधी घरी जा, बदला."

"घर त्या टोकाला. ही बस गेली की उद्याचीच. मढं ठेवून घेत नाहीत हल्ली तिकडे. सकाळीच पुरणार."

"एक मूठ मातीसाठी..."

"थोरली लेक आहे मी. पहिली मूठ माझी. आणि त्या पोरांचं काय सांगतेस? शेंबूड पुसलाय मी त्यांचा."

लिओनीने आपली ओढणी तिच्या खांद्यांवर टाकली. पुस्तकं झाकली गेली. खाली, गुडघ्यांपाशी, खडू दिसतच होते.

"चांगली दिसते का गं?" आंटीने विचारलं.

बस निघाली.

रविवारी भावाचा फोन आला. चढणीवर पोरांनी बस अडवली होती. सगळ्यांना उतरवलं, मग एकेकाला परत बसवलं. त्यांच्यातल्या एकाने मात्र आंटीची पिशवी स्वतःच्या खांद्याला घेतली आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही थांबा." पहिली मूठ धाकट्या बहिणीने टाकली.

सोमवारी लिओनीने आंटीचा वर्ग उघडला. फळ्यावर शुक्रवारचा एक भागाकार फ्रेंच पद्धतीने, भाजक उजवीकडे ठेवून, पुरा सोडवलेला. शेजारी तेच गणित इंग्रजी पद्धतीने मांडलेलं, भाजक डावीकडे. उत्तराचा पहिला आकडा लिहिलेला. पुढे काही नाही.