विलायती चाचांचा डबा

कुणी पाहायला लागलं की विलायती चाचांचे हात थांबत. सतरंजी विणण्यात वाशीममध्ये त्यांच्या तोडीचा कारागीर नव्हता, पण माग कायम बंद दाराआड. मी त्यांच्याच घरात भाड्याने राहत होते, तरी दोन वर्षांत त्यांना विणताना एकदाही पाहिलं नव्हतं. बाहेर पावलं वाजली की आतला ठोका बंद पडे. "कोन हाय?" या दोन शब्दांतही धास्ती असे.

तरुणपणी ते विलायतेला जाऊन आले होते, म्हणून हे नाव. तिथलं काही विचारलं तर "थंडी लय होती" एवढंच सांगत.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. शाळेने हस्तकलेचं प्रदर्शन ठरवलं. चाचांना मागासकट मंडपात बसवायचं, ही कल्पना माझीच. विचारायला गेले, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. आतून त्यांनी एक पत्र्याचा डबा आणला. झाकणावर चित्र होतं: मागाशी बसलेला काळाकुट्ट बुटका माणूस. बाहेर आलेले डोळे, माकडासारखे ओठ. मला हसू आलं.

"हा मीच आहो, बाई," चाचा म्हणाले.

विलायतेतल्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांना कठड्यामागे बसवून सहा महिने विणायला लावलं होतं. शेजारच्या दुकानात हे डबे आठवण म्हणून विकले जात. "लोक डबा माह्या तोंडाजवळ धरत, एकडाव डब्याकडे पाहत, एकडाव माह्याकडे, अन् हसत. मी रोज आरशात पाहो. तोंड खरंच तसं होऊन राह्यलं का काय, असं भेव लागे. अजून लागते."

"मग हा जपून का ठेवलात?"

"फेकला तर कोनाले तरी सापडन. तो बी हसन."

मीही नुकतीच हसले होते. नुकतीच हसले होते.

वर्षभरात चाचा वारले. डब्याचं काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पण माझी स्वतःची धास्ती ते असतानाच, डबा पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली होती. वर्गात 'जगातले लोक' असा तक्ता होता. त्यातल्या आफ्रिकेच्या माणसाचे डोळे तसेच, ओठही तसेच. त्याच्यावर बोट ठेवून मी दरवर्षी मुलींना हसवत असे. मी तक्ता उतरवायला लागले.

"बाई, काहून काढून राह्यल्या?" एका मुलीने विचारलं.

"तो माणूस इथे आला तर?"

मुली हसतील असं वाटलं होतं. पण सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, आणि मीही.