ड्रम मध्येच थांबतो

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी गाळायची भट्टी जिथे असेल तिथे आमच्याकडचा कुणीतरी सापडतोच. मीही आठवीनंतर शाळा सोडून मामाबरोबर चेन्नईला आलो तो त्याच कामाला. पण तेजाबाचा धूर माझ्या छातीला सोसेना. खोकून खोकून मी बेजार, ऐकून ऐकून मामा बेजार. शेवटी त्याने मला गिंडीतल्या एका लहान कारखान्यात लेथवर चिकटवलं. तिथे मी अजून आहे. आम्ही मासेमारीच्या ट्रॉलरवरचे विंच बनवतो. विंच म्हणजे जाळं ओढायचं यंत्र. मोठा लोखंडी ड्रम, त्यावर वायररोप गुंडाळला जातो, एका बाजूला क्लच, दुसरीकडे ब्रेक. ड्रम आणि ब्रेकची चाकी लेथवर माझ्या हातून घडतात.

राहतो वेस्ट मांबलमला, एका निवृत्त भूगोल शिक्षकांच्या गच्चीवरच्या खोलीत. सर तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी तीनशे वर्षं तमिळमध्ये मुरलेली. पहिल्याच आठवड्यात मी आईशी फोनवर बोलत होतो, तर ते जिना चढून वर आले. "काय रे, आईशी बोलूलालास की भांडूलालास?" मी म्हटलं, "सर, आमच्याकडे असंच बोलतात." ते इतके हसले की खालून मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, काय झालं म्हणून हाक मारली. त्या दिवसापासून रविवारचं जेवण माझं खालीच. मामींच्या हातचं उडदाच्या पिठाचं डांगर खाल्लं की मला गाव आठवत नाही, आणि आठवत नाही याचंच मग वाईट वाटतं.

रविवारी चार वाजता सर लॅपटॉप उघडून बसायचे. मलेशियातल्या एका तमिळ बाईंनी निरनिराळ्या देशांतल्या तमिळ बोलणाऱ्यांची एक ऑनलाइन बैठक सुरू केली होती. सगळे त्यांना 'टीचर' म्हणत. विषय राजकारणाचा, देशादेशांतल्या भांडणांचा. पण नियम कडक. ऐकीव बोलायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं किंवा हातांनी केलेलं तेवढंच बोलायचं. आणि विरोध करायचा तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं. त्याने "हो, हेच" म्हटलं, की मग आपली पाळी.

"चल, तूही बस," सर म्हणाले.

"मी काय बोलणार सर? आठवी मी."

"तिथे कुणी मार्कलिस्ट मागत नाही."

मी बसलो. माझं तमिळ शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातच शिकलेलं, रांगडं. म्हणून काय बोलायचं ते आदल्या दिवशी वहीत देवनागरीत लिहून काढायचो आणि दोनदा सरांना वाचून दाखवायचो.

त्या रविवारी विषय निघाला समुद्राचा. तमिळनाडूचे मच्छीमार श्रीलंकेच्या हद्दीत पकडले जातात, बोटी जप्त होतात. चेन्नईत चहाच्या टपरीवरही यावर बोलणं चालतं. माझी पाळी आली आणि मी वहीतलं वाचलं. आपल्या गरीब माणसांना तुरुंगात टाकतात, हा अन्याय आहे, वगैरे.

श्रीलंकेतल्या जाफनाकडच्या किनाऱ्यावरून एक बाई बैठकीत होत्या. पन्नाशीच्या, नवरा लहान बोटीवर जाणारा. बोलताना त्यांचे हात खाली सतत चालू असत. जाळं दुरुस्त करत असायच्या. त्यांनी हात थांबवले.

"तंबी," त्या म्हणाल्या, धाकट्या भावाला म्हणतात तसं, "तू पाहिलंस का हे?"

"नाही, अक्का. बातम्यांत..."

"मी पाहिलेलं सांगते. तुमचे ट्रॉलर येतात आणि आमची जाळी त्यांच्या जाळ्यात गुंतून वर जातात, फाटतात. आम्ही बोट जवळ नेऊन ओरडतो, थांबवा, सोडवून घेतो. तुमची माणसं म्हणतात, विंच एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही, यंत्रच तसं आहे. आम्हाला यंत्रातलं काय कळतंय! इथे बसलेल्यांपैकी कुणी सांगेल का, हे खरं आहे का?"

कॅनडातल्या एका गृहस्थांनी घसा साफ केला आणि तेवढंच केलं.

मला माहीत होतं. त्या बैठकीत फक्त मलाच माहीत होतं. पण आमचे विंच विकत घेणाऱ्यांविरुद्ध परदेशी बाईपुढे बोलायचं? कारखान्याच्या मालकाच्या कानावर गेलं तर? मी वहीकडे बघत राहिलो.

"मग बोलून उपयोग काय," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यापासून मी येत नाही. टीचर, राग मानू नका." आणि त्यांची चौकट पडद्यावरून गेली.

सरांनी लॅपटॉप मिटला. मी म्हटलं, "सर, थांबतो तो. विंच मध्येच थांबतो."

सर माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं ते बघणं. "मग माझ्याशी काय बोलूलालास? प्रश्न त्यांनी विचारला."

एवढंच. त्यांनी टीचरना निरोप धाडला, जाफनाच्या बाईंना एकदाच या म्हणावं, एकाला उत्तर द्यायचं राहिलं आहे. पलीकडून काही उत्तर आलं नाही.

सोमवारी कामावर गेलो तेव्हा मला नवीनच भीती लागली होती. समजा मी चुकीचं सांगितलं तर? ब्रेक लागतो हे ठाऊक होतं, पण भरल्या वजनावर, अर्ध्या ओढीत? फोरमनला आम्ही अण्णा म्हणतो. त्यांना सगळं सांगून टाकलं, आणि एक विंच भार लावून मध्येच थांबवून बघू का, असं विचारलं.

"कशाला?" अण्णा म्हणाले. "तुझ्या ड्रमवर भरवसा नाही तुझा?"

"आहे. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम आहे तिथला."

"अरे व्वा! लेथवरून थेट परराष्ट्र मंत्री!" शॉपमधले सगळे हसले. वेल्डरने मला सलाम ठोकला. पण अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत चाचणीच्या चौकटीवर विंच चढवला आणि वायरला पुरतं वजन लटकवलं. ड्रम फिरायला लागला. वजन अर्ध्यावर आलं तसं त्यांनी मला खुणावलं. मी क्लच सोडला, ब्रेकचा दांडा खाली दाबला. ड्रम थांबला. वजन हवेत तसंच, वीतभरसुद्धा घसरलं नाही. पुन्हा केलं. पाच वेळा केलं.

"झालं समाधान?" हात पुसत अण्णा म्हणाले. "आता कुणी विचारलं तर सांग, गिंडीतला ब्रेक आहे म्हणावं." मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाले, "माझा मेहुणा जातो ट्रॉलरवर. दांड्यावर हात त्याचा असतो, पण फोनवर शिव्या बोटीच्या मालकाच्या असतात. हेही सांग."

"अण्णा, ऐकीव चालत नाही."

"मग माझं नाव न घेता, एकाकडून ऐकलं असं सांग."

रविवार आला. साडेतीनपासून मी खाली जाऊन बसलो. मामी म्हणाल्या, "परीक्षेला बसलाय जणू." चार वाजले, चौकटी उघडत गेल्या. मलेशिया, कॅनडा, आम्ही. जाफना नाही. टीचरनी बोलायला सुरुवात केली. सव्वाचारला एक काळी चौकट आली, मग तिच्यात उजेड झाला. मांडीवर जाळं, हातात सुई. नमस्कार नाही, काही नाही.

वही माझ्या गुडघ्यावर होती. मी ती उघडलीच नाही.

"अक्का, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, तुमची जाळी गुंतलेली दिसली तरी विंच मध्येच थांबवता येत नाही असं आमची माणसं सांगतात, आणि हे खरं की खोटं ते तुम्हाला जाणून घ्यायचंय. हेच ना?"

"हेच."

"तो ड्रम मी बनवतो. मी समुद्रावर कधी गेलो नाही. पण सोमवारी या हातांनी भरल्या वजनावर तो पाच वेळा मध्येच थांबवून पाहिला. थांबतो. ब्रेक चांगला आहे. हे मला तेव्हाच माहीत होतं. भीतीने बोललो नाही, ते चुकलं."

त्यांची सुई थांबली होती. मला वाटलं, आता उठतील.

"म्हणजे थांबवत नाहीत," त्या म्हणाल्या.

"थांबवता येतं, एवढंच मी सांगू शकतो. आणि एका गोष्टीत मी अजून तुमच्या विरुद्ध आहे, अक्का. बोलू?"

"बोल."

"दांड्यावर हात असतो तो मजुराचा. बोट मालकाची, हुकूम मालकाचा, आणि मालक घरी. हे मी पाहिलेलं नाही, ज्यांच्या घरचा माणूस जातो त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. मीही हुकमाचाच माणूस आहे. तुमच्या जाळ्याचं नुकसान भरून मिळालंच पाहिजे. पण त्या मजुराला महिनोन्‌महिने तुरुंगात ठेवून ते मिळत नाही, असं माझं मत आहे."

टीचर काही बोलणार होत्या, पण त्या बाईंनीच हात वर केला.

"तू म्हणतोस, यंत्राचा दोष नाही, दोष मालकाचा. आणि आम्ही पकडतो तो तुझ्यासारखा माणूस. असं?"

"हो, अक्का. हेच."

"मला ते पटत नाही. हात ज्याचा त्याला डोळे असतातच." त्यांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली. "पण तू पटवायला आलास, दटवायला नाही. आमच्या मच्छीमार संघाची गुरुवारी बैठक आहे, पाच वाजता. ब्रेकचं जे आत्ता सांगितलंस ते तिथे व्हिडिओ कॉलवर सांगशील? मजुराचंही सांग. तिथली माणसं तुझ्यावर ओरडतील, आधीच सांगून ठेवते."

सरांकडे बघितलं तर ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. उत्तर माझं मलाच द्यायचं होतं.

"पाचला सुट्टी होते, अक्का," मी म्हटलं. "हात धुऊन शॉपमधूनच बसतो. विंच समोर ठेवतो, म्हणजे त्यांनाही डोळ्यांनी बघता येईल."