मोहोळ चौकटीबाहेर

विकायच्या घरांचे फोटो काढणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, गेली, बटण दाबलं, आली. तसं नसतं. मी आधी एकदा नुसतं घर बघून येते. ऊन कुठल्या खिडकीतून येतं, कुठल्या भिंतीला ओल आहे, काय दडवावं लागेल, सगळं ठरवते. फोटोत माणूस नको, माणसाच्या चपलाही नकोत, हा माझा नियम. बघणाऱ्याला तिथं स्वतःला बसवता आलं पाहिजे.

पडेगावच्या बाजूला पाचव्या मजल्यावरचा तो फ्लॅट. गॅलरीतून लांबवर दौलताबादचा किल्ला दिसायचा, म्हणून क्रांती चौकातल्या एजंटनं हट्टच धरला होता. "मॅडम, शाम का फोटो होना. सगळ्या लाइटा चालू, मागं किल्ला. गिऱ्हाईक वहीं पे फिदा."

घर एका वयस्कर काकूंचं. मूळच्या सिल्लोडकडच्या. काकांना पक्षाघात झालेला. डावी बाजू गेली होती आणि बोलणंही. लेकीजवळ राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलं होतं. बेडरूममध्ये चाकाची खुर्ची जाईना, तर त्यांनी दारच काढून टाकून तिथं पडदा लावला होता.

पहिल्या भेटीतच मला गॅलरीच्या कोपऱ्यात, वरच्या स्लॅबला लटकलेलं आग्या मोहोळ दिसलं. मला साधी गांधीलमाशी दिसली तरी मी खोली सोडते.

"काकू, हे काढून घ्या ना."

"नाय बाई. आपल्या पायानं आलंय, लक्ष्मी हाये ती. कुणाला काय करत नाय."

मी वाद घातला नाही. मोहोळ चौकटीबाहेर राहील असा कोन शोधला, फरशीवर चिकटपट्टीची खूण केली आणि स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

ठरलेल्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "तू हायेस तवर खाली जाऊन यांची औषधं आणते. लई दिसांनी घरात कुणीतरी हाये." त्या गेल्या ते मला बरंच वाटलं, घर मोकळं झालं. मी पडदे काढले, बेडरूमचाही काढला. गॅलरीचं दार सताड उघडलं. आभाळ गडद निळं व्हायला लागलं तसे सगळे दिवे लावले, गॅलरीतलाही.

बेडरूममधल्या पलंगावरून काकांचा आवाज आला, घोगरा, घशातून. उजवा हात उचलून ते गॅलरीतल्या दिव्याकडे बोट दाखवत होते, पुन्हा पुन्हा.

"अंधार वाटतोय का काका? लावते हं." मी त्यांच्या डोक्यावरची ट्यूबही लावली. ते जोरजोरात मान हलवायला लागले. आजारी माणसं वैतागतात, असं मनाशी म्हणत मी कॅमेऱ्याकडे वळले.

आधी दोन-चार माश्या आल्या, दिव्यावर आपटल्या. मग आवाज बदलला. मोहोळाचा काळा पापुद्रा हलला, सैल झाला आणि सुटला. रात्रीच्या उजेडावर या माश्या धावून येतात, हे त्या घरात माहीत होतं. मोहोळ बसल्यापासून काकूंनी गॅलरीतला दिवा लावलाच नव्हता. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की मला सांगायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मी ओरडले नाही. तोंड उघडलं तर आत जातील, एवढंच डोक्यात होतं. बाहेरचं दार जवळ होतं आणि खोटं कशाला बोलू, पाय तिकडेच वळले. पण बेडरूमला दार नव्हतं, पडदा मीच काढला होता, आणि त्या ट्यूबखाली एक माणूस होता, ज्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती.

मागं वळले आणि दिव्यांच्या बटणांवर नुसते तळवे आपटत गेले. मानेवर, कानामागं निखारे टेकवल्यासारखं झालं. दिवे गेले. काकांच्या पायथ्याची गोधडी ओढली, त्यांच्या डोक्यावरून घेतली आणि मीही आत शिरले. वरून टपटप बसत होत्या. काकांना किती चावल्या, कुठं चावल्या, काही दिसत नव्हतं. त्यांचा घोगरा आवाजही थांबला होता.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. कुलपात किल्ली फिरली. तिन्हीसांजेला अंधाऱ्या घरात शिरणारी बाई आधी काय करते? तिचा हात बटणावरच जातो.

"काकू, दिवा लावू नका!" मी गोधडीतून किंचाळले. "आत येऊ नका, माश्या उठल्यात!"

दार धाडदिशी लागलं. मग पलीकडून काकूंचा आवाज आला, एकदम बारीक झालेला.

"हायेत ना गं ते?"

मला माहीत नव्हतं. चाचपडत त्यांच्या चेहऱ्यावर हात नेला. गाल सुजलेला लागला. नाकाखाली तळवा धरला. माझाच श्वास इतका जोरात चालला होता की त्यांचा कळेना. मी माझा रोखून धरला. काहीच नाही. देवा, नको, एवढंच मी म्हणत होते.

"बोल की गं बाई."

आणि तळव्याला ऊब लागली, अगदी थोडी.

"आहेत, काकू. आहेत."

काकू तिथंच खाली बसल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज आता जमिनीलगतून यायला लागला. "अवो, ऐकू येतंय का? मी हितंच हाये. दार तेवढं लावलंय."

गोधडीत काकांनी त्या आवाजाकडे मान वळवली.